माथ्यावरच्या माणसांचं देणं

नदीसाठी काहीतरी करावं असं ज्याला वाटतं तो आधी तिच्या काठावर जातो. कचरा तिथे दिसतो, फेस तिथे दिसतो, जलपर्णी तिथे दिसते. पोती आणि हातमोजे घेऊन माणसं उतरतात, संध्याकाळपर्यंत काठाचा एक पट्टा साफ होतो आणि घरी परतताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं. या कामाला मी कधीच नावं ठेवणार नाही. नदीशी माझी ओळख अशाच एका मोहिमेत झाली, आणि आजही आमच्या गटात नवीन कोणी आलं की त्याला आम्ही आधी काठावरच नेतो. पण अलीकडे आमचा बहुतेक वेळ काठापासून लांब, चढावर जातो, जिथून नदी दिसतसुद्धा नाही. तिचं बरंवाईट तिथेच ठरतं, आणि तिथे राहणाऱ्या माणसांचं आपण सगळे फार मोठं देणं लागतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

ज्या जमिनीवर पडलेला पाऊस वाहत वाहत शेवटी एकाच प्रवाहाला येऊन मिळतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या प्रवाहाचा पाणलोट. शेतं, रान, गायरान, रस्ते, घरांची छपरं, सगळं त्यात आलं. या पाणलोटातल्या सगळ्या प्रवाहांची लांबी मोजायला घेतली तर मुख्य नदीच्या वाट्याला त्यातली थोडीशीच येते. बाकीची सगळी लांबी असते वरच्या लहान ओहोळांची, ओघळींची, पावसाळ्यापुरतंच पाणी धरणाऱ्या घळींची. यातल्या बहुतेकांना नाव नसतं, काहींची नोंद नकाशावरही नसते. ओहोळ बुजवला, त्याच्यावरून रस्ता नेला, त्याच्यात राडारोडा टाकला, तरी तक्रार करायला कोणी येत नाही. मुख्य नदीवर पूल पडला तर बातमी होते. असे शेकडो ओहोळ मिटले तरी कुणाला काही कळत नाही. कळतं ते खूप नंतर, उन्हाळ्यात नदी दोन महिने आधीच आटायला लागते तेव्हा.

अशाच एका ओहोळाचा माग काढत आम्ही वर गेलो होतो. सुरुवातीला मोठे गोटे, मध्येमध्ये लहान डबकी. मग गोटे संपून दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या कडा लागल्या, डोक्याच्या वर जाणाऱ्या, आणि त्यांतून झाडांची मुळं हवेत लोंबत होती. आणखी वर गेल्यावर घळ एकदम संपली. तिच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचा मातीचा उभा काप होता. कापाच्या पायथ्याशी पाण्याने कोरलेली पोकळी, आणि त्या पोकळीसमोर नुकताच कोसळलेला जमिनीचा एक ढेकूळवजा तुकडा. त्याच्यावरचं गवत अजून हिरवं होतं. कापाच्या वर पाहिलं तर साधा उतार, गवताचा, किंचित खोलगट. ओहोळ म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं. पण पुढच्या पावसात पाणी याच खोलगट भागातून धावत येणार, कड्यावरून उडी घेणार, पायथा आणखी कोरणार आणि वरचा तुकडा पुन्हा खाली आणणार. घळ अशी डोक्याकडून वाढत जाते, चढाच्या दिशेने, दर पावसाळ्यात थोडी थोडी. तो हिरवा तुकडा हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की खाली नदीच्या डोहात साचलेला गाळ म्हणजे कुणाच्या तरी पायाखालची जमीन आहे.

हे का होतं त्याचं गणित समजून घ्यायलाच हवं, नाहीतर कामाची जागा चुकते. पावसाचा मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. माती उघडी असेल तर त्या माराने कण सुटे होतात, त्यांतले बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, वर एक पापुद्रा धरतो आणि त्यानंतरचं पाणी जिरायचं सोडून वाहायला लागतं. उतारावर ते एकत्र होतं, वेग धरतं. आणि वेगाचा हिशेब भयंकर आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर ढोबळ हिशेबाने तो आधीपेक्षा ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतो. म्हणजे पाण्याला आवरायचं तर त्याने वेग धरण्याआधी, माथ्याजवळच. खाली येऊन भिंती घालणं महागात पडतं आणि बहुतेक वेळा उशिराचंही ठरतं.

इथे झाडांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ‘झाडं लावा’ हे उत्तर फार सहज तोंडी येतं. उंच झाडाच्या मोठ्या पानांवर पाऊस साठतो आणि तिथून आणखी मोठे थेंब होऊन खाली पडतो. आठ-दहा मीटरवरून पडणारा थेंब पुन्हा जवळजवळ पूर्ण वेग पकडतो. खाली पालापाचोळा, गवत, झुडपं नसतील तर झाडाखालची मातीसुद्धा धुपते. एकाच जातीच्या, खालून साफ केलेल्या सागवनांत हे पुष्कळदा पाहायला मिळतं. माती राखतं ते तिच्या अंगाला चिकटून वाढणारं गवत, पाला आणि मुळांचं जाळं. म्हणून एखादी टेकडी चराईपासून नुसती राखली, एकही रोप लावलं नाही, तरी तिच्यात दोन-तीन पावसाळ्यांत फरक पडतो. पण चराई थांबवणं म्हणजे कुणाची तरी जनावरं थांबवणं. त्याकडे मी येतेच.

आधी थोडं प्रत्यक्ष कामाविषयी. उतारावर सलग समतल चर खणायचे तर आधी समान उंचीची रेघ आखावी लागते. त्यासाठी आम्ही हायड्रोमार्कर वापरतो. दोन सारख्या काठ्या, त्यांवर मोजपट्टी, आणि दोघींना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक माणूस एका जागी उभा राहतो, दुसरा काठी घेऊन उतारावर थोडा वर, थोडा खाली सरकतो, आणि दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्याच खुणेवर आलं की तिथे फक्कीची खूण. नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पाणी खोटं बोलतं, म्हणून सुरू करण्याआधी नळी उन्हात धरून बोटाने टिचक्या मारत बुडबुडे काढावे लागतात. कंटाळवाणं काम आहे. पण चर समपातळीत नसेल तर सगळं पाणी त्याच्या खालच्या टोकाला धावतं, तिथे फोडून बाहेर पडतं आणि जिथे घळ नव्हती तिथे नवी घळ तयार करतं. असा चर खणण्यापेक्षा न खणलेला बरा. खणलेली माती चराच्या खालच्या बाजूला रचायची, तिच्यावर गवताचं बी टाकायचं. घळींमध्ये सैल दगडांचे बांध घालायचे, त्यांची दोन्ही टोकं काठांच्या आत नीट शिरलेली हवीत आणि मध्यभाग बाजूंपेक्षा खाली हवा, नाहीतर पाणी बांधाला वळसा घालून काठच कापतं. हे तंत्र कुणालाही शिकता येतं. शाळेतली मुलं आमच्यापेक्षा लवकर शिकली.

खरी अडचण आली ती बैठकीत. माथ्यावरच्या वस्तीतल्या एक बाई शेवटपर्यंत गप्प बसून ऐकत होत्या. सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “ताई, शेळ्या आम्ही थांबवायच्या, चर आमच्या रानात खणायचे, पाणी जाणार खाली. मग आमचं काय?”

आवाजात राग नव्हता. साधा हिशेब विचारला होता त्यांनी, आणि तो अगदी बरोबर होता. पाणलोटाच्या कामात झीज सोसतो वरचा माणूस आणि फायदा होतो खालच्याचा. वरच्याची जमीन उथळ, मुरमाड, तुकड्यातुकड्यांची. कित्येकदा नावावर काहीच नसतं. असतात ती जनावरं आणि टेकडीवरचा चारा. माथ्यावर जिरलेलं पाणी जमिनीच्या पोटातून हळूहळू खाली सरकतं आणि खालच्या सपाट, काळ्या जमिनीतल्या विहिरीत वर येतं. ज्याच्याकडे आधीच जास्त आहे त्याला आणखी मिळतं. हा उताराचाच गुण आहे, पाणी तसंच वाहणार. पण माणसांनी ठरवलं तर त्या फायद्यातला वाटा उलट दिशेने, चढावर नेता येतो. जिथे जिथे नद्या खरोखर सावरल्या आणि सावरलेल्या राहिल्या, तिथे कुणीतरी हा वाटा वर नेण्याची काहीतरी युक्ती काढलेली दिसते.

मला यातलं सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण सुखोमाजरीचं. चंडीगडचा सुखना तलाव १९५८ साली झाला, शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा ओढा अडवून. पंधरा-सोळा वर्षांत त्याचा निम्म्याहून जास्त भाग गाळाने भरला. गाळ उपसायचा, तो पुन्हा भरायचा, असं चाललं. मृद्-जलसंधारणाच्या संशोधन केंद्रात काम करणारे पी. आर. मिश्रा गाळाचा माग घेत वर गेले आणि टेकड्यांमधल्या सुखोमाजरी या लहानशा खेड्यापाशी पोचले. टेकड्या उघड्याबोडक्या, घळींनी चिरफाळलेल्या. गावची शेती पावसावरची आणि थोडकी, त्यामुळे पोट होतं शेळ्या-गुरांवर आणि ती सगळी टेकडीवर. मग झाडं लावली, घळींत अडसर घातले, चर खणले. शेळ्या मात्र वर जातच राहिल्या. जाणारच. कुठल्याशा शहरातला तलाव भरतो आहे हे त्या गावचं दुखणं नव्हतं.

फिरलं ते १९७६ नंतर. गावाच्या वरच्या अंगाला एक छोटा मातीचा बंधारा झाला आणि त्याच्या पाण्यावर गावातलं पीक तरलं. आता टेकडीवरून गाळ आला तर आपलाच बंधारा भरणार, हे लोकांना दिसायला लागलं. तरीही चराई पूर्ण थांबली नाही, कारण पाणी मिळत होतं ते ज्यांची शेतं त्या वाटेवर होती त्यांनाच. ज्याला शेतच नाही त्याने टेकडी का सोडावी? गावाने बसून जो निर्णय घेतला तो मला आजही थक्क करतो. बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा सारखा हिस्सा, मग त्याच्याकडे जमीन असो वा नसो. भूमिहीन माणूस आपल्या वाट्याचं पाणी शेतकऱ्याला देऊन त्याबदल्यात पैसे किंवा पिकातला वाटा घेऊ शकत होता. त्यानंतर टेकडीला कुंपण घालावं लागलं नाही. राखण गावानेच केली. शेळ्या कमी झाल्या, गोठ्यात म्हशी आल्या, टेकडीवर चाऱ्याचं आणि कागद-दोरासाठी विकलं जाणारं भाबर गवत वाढलं. तलावाकडे जाणारा गाळ झपाट्याने घटला. एका शहराचा तलाव वाचला तो भूमिहीनांना पाण्याचा हक्क मिळाल्यामुळे, हे पाणलोटाचं काम करणाऱ्या प्रत्येकाने कागदावर लिहून समोर ठेवावं असं मला वाटतं.

हाच विचार त्याच दशकात महाराष्ट्रातही रुजला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ऐकायला सोपे आहेत: पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल, माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनाचाही हक्क धरलेला. ऊस लावायचा नाही. पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवून माणसाशी जोडणं, ही मला आपल्याकडच्या पाणीविचारातली सगळ्यात धीट गोष्ट वाटते. ती जेवढी पसरायला हवी होती तेवढी पसरली नाही, याची खंत आहे.

पाणी आल्यानंतरच खरी परीक्षा सुरू होते. राजस्थानच्या अलवर जिल्ह्यात तरुण भारत संघ या संस्थेने १९८५ च्या सुमारास गोपालपुरा गावात जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारी मातीच्या बांधाची तळी, दुरुस्त करायला घेतले, मग गावागावांनी आपापले जोहड आणि बांध उभे केले, आणि काही वर्षांनी कोरडी पडलेली अरवरी नदी पुन्हा वाहायला लागली. नदी वाहू लागली तेव्हा तिच्यात मासे आले, आणि मासे आल्यावर सरकारने मासेमारीचा ठेका दिला! इतकी वर्षं ज्यांनी खणलं त्यांना विचारलंही नाही. लोकांनी विरोध केला, ठेका रद्द झाला, आणि त्या झगड्यातून पाणलोटातल्या सत्तरच्या आसपास गावांची अरवरी संसद जन्माला आली. जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, मनमानी उपसा करायचा नाही, असे नियम तिने घातले. तिला कायद्याने काही अधिकार नाही. माणसं ठरलेलं पाळतात, एवढंच तिचं बळ. हिवरे बाजारनेही पाऊस मोजून, विहिरींच्या पातळ्या पाहून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची रीत घातली. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही हेही ठरवलं. नियम नसता तर चरांनी जिरवलेलं पाणी शंभर बोअरनी एका हंगामात वर ओढलं असतं. असा नियम नसलेली गावंही आहेत, आणि ती बरीच आहेत. बंधारे जागेवर आहेत, फलकही आहेत, फेब्रुवारीत टँकर येतो.

वाटा चढावर नेण्याचं काम फक्त खेड्यांनीच केलं असं नाही. न्यूयॉर्क शहराचं बहुतेक सगळं पिण्याचं पाणी, सुमारे ९० टक्के, कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येतं आणि ते गाळण्याच्या प्रकल्पाशिवाय शहराला दिलं जातं. १९८९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नियम कडक केले तेव्हा शहरापुढे दोन वाटा होत्या: काही अब्ज डॉलर्सचा प्रकल्प बांधणं, नाहीतर पाणी मुळातच स्वच्छ राहील याची हमी देणं. शहराने दुसरी वाट धरली आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांवर नियमांचा बडगा उगारायची तयारी केली. शेतकरी भडकले. त्यांचं भडकणं जुनं होतं, शहराच्या जलाशयांइतकं जुनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्या जलाशयांसाठी डोंगरातली गावंच्या गावं उठवली होती, आणि ती आठवण घराघरात होती.

मग बराच काळ वाटाघाटी चालल्या. शेतकऱ्यांच्याच पुढाकाराची एक परिषद स्थापन झाली. प्रत्येक शेताचा वेगळा आराखडा करायचा, खर्च शहराने उचलायचा, सहभाग ऐच्छिक, पण ठरलेल्या मुदतीत ८५ टक्के शेतकऱ्यांनी सामील व्हायचं, असा करार ठरला. आराखडे फार बारीक असत. उदाहरणार्थ, पाण्यातून पसरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी लहान वासरांच्या शेणात जास्त सापडतो. तेव्हा वासरांचा गोठा ओहोळापासून दूर हलवायचा. गाई पाणी प्यायला ओहोळात उतरतात, तर काठाला कुंपण घालून हौद बाहेर द्यायचा. १९९७ मध्ये शहर, राज्य, पाणलोटातली गावं आणि पर्यावरण संस्था यांच्यात मोठा समझोता झाला. त्यात एक कलम असं आहे की शहर पाणलोटात जमीन घेईल ती विकणाऱ्याच्या राजीखुशीनेच, सक्तीने नाही. इतक्या श्रीमंत, बलाढ्य शहराला ते लिहून द्यावं लागलं, कारण वरच्यांच्या मनाविरुद्ध पाणी स्वच्छ ठेवता येत नाही हे त्याला पटलं होतं.

आणि समझोता झाला नाही तर काय होतं तेही इतिहासात आहे. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकात सोन्यासाठी डोंगरच्या डोंगर पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी फोडले. राडारोडा युबा नदीतून खाली आला, पात्र इतकं भरलं की मेरीसव्हिल गावात नदीचा तळ रस्त्यांच्या वर गेला आणि गाव तटबंदीच्या आत, नदीच्या खाली राहू लागलं. खालचे शेतकरी न्यायालयात गेले. १८८४ मध्ये न्यायमूर्ती सॉयर यांनी नदीत राडा सोडणं बंद केलं. पण तोवर सुटलेला गाळ न्यायालयाचं ऐकणार नव्हता. भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी १९१७ मध्ये दाखवून दिलं की तो गाळ लाटेसारखा नदीतून हळूहळू सरकतो आहे आणि त्याला समुद्रापर्यंत पोचायला अनेक दशकं लागणार. वरच्या आणि खालच्या माणसांत वेळेवर बोलणं झालं असतं तर, असं सारखं मनात येतं.

हे सगळं माहीत असूनही आजही पैसा आणि यंत्रं पात्रातच उतरतात. खोलीकरण, रुंदीकरण, काठांना काँक्रीटच्या भिंती. पोकलेन एका आठवड्यात जे करतं ते छायाचित्रात छान दिसतं, उद्घाटन करता येतं. माझा या कामांवर राग आहे आणि तो मी लपवत नाही. पात्रातली वाळू आणि गोटे काढले की नदीने पुराचं पाणी धरून ठेवायची जागाच जाते. तळ खाली गेला की शेजारच्या जमिनीतलं भूजल त्या खड्ड्यात उतरतं, आणि लोक म्हणतात बघा किती पाणी लागलं! ते पाणी आजूबाजूच्या विहिरींचं असतं. पुढच्या पावसाळ्यात वरचा उघडा उतार पुन्हा गाळ पाठवतो आणि खोदलेलं भरून निघतं. साचलेला गाळ शास्त्रशुद्ध मापात काढून शेतात टाकणं वेगळं. त्याला माझा विरोध नाही. पण माथा तसाच ठेवून पायथा खोदत राहणं म्हणजे लोकांचे पैसे दरवर्षी त्याच खड्ड्यात घालणं आहे.

चढावरच्या कामाचा फोटो निघत नाही हे मात्र खरं. गवत वाढलेलं दिसतं, आणखी काय. म्हणून आम्ही मोजायला शिकलो. ओहोळात वेगाने वाहणाऱ्या उथळ पाण्यातला गोटा उचलून उलटा करायचा आणि त्याच्या पोटाशी कोण राहतं ते बघायचं. चपट्या अंगाच्या, मागे तीन लांब शेपट्या असलेल्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या. दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय. कॅडिसफ्लायची अळी वाळूचे कण तोंडातल्या रेशमाने चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते. भिंगातून पाहिलं तर कण न् कण निवडून बसवलेला दिसतो. या तिघींना भरपूर प्राणवायूचं, गाळ नसलेलं पाणी लागतं. गोट्यांमधल्या फटी गाळाने भरल्या की त्या आधी जातात, आणि फटी मोकळ्या झाल्या की परत येतात. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी त्या सांगतात. गढूळपणा मोजायला तळाशी काळी-पांढरी तबकडी लावलेली पारदर्शक नळी पुरते. हे काम माथ्यावरच्या वस्तीतली मुलं करतात आणि आकडे खालच्या गावाच्या बैठकीत तीच वाचून दाखवतात. खालचे लोक त्या वेळी जसं लक्षपूर्वक ऐकतात तसं ते आमचं कधी ऐकत नाहीत.

धीर मात्र लागतो. इंग्लंडमधल्या मर्सी नदीच्या खोऱ्याची मोहीम १९८५ मध्ये सुरू झाली तेव्हाच ती २५ वर्षांची धरली होती आणि तेवढी चालवली. सुरुवातीलाच एक पिढी मान्य करणं, हे मला शहाणपणाचं वाटतं. तीन वर्षांच्या योजनेत चर खणून होतात; ते बुजले की कोण उकरणार, दगडी बांधाचा निखळलेला दगड कोण बसवणार, याची तरतूद योजनेत नसते. पुरात पहिला दगड निखळतो तेव्हा तो एका माणसाला तासाभरात बसवता येतो. तसाच राहिला तर दोन पावसाळ्यांनी बांध राहत नाही.

आमच्या पाणलोटात सध्या यावरच खल चालू आहे. खालच्या गावांतल्या ज्या विहिरींचं पाणी वाढलं आहे, त्यांच्या मालकांनी दर हंगामाला ठरावीक रक्कम एका सामाईक खात्यात भरायची आणि त्यातून माथ्यावरच्या वस्तीला चराई सोडल्याचा मोबदला, चारा-बियाणं आणि बांधांच्या देखभालीची मजुरी द्यायची, असा मसुदा तयार झाला आहे. खात्यावर सह्या वरच्या आणि खालच्या, दोन्हीकडच्या माणसांच्या. काही जण लगेच तयार झाले. काहींचं म्हणणं, पाणी देवाने दिलं, त्याचे पैसे कसले. एकाने विचारलं की दुष्काळ पडला, विहीर भरली नाही, तरी रक्कम भरायची का? प्रश्न रास्त होता, म्हणून पातळीनुसार रक्कम कमी-जास्त करायचं कलम घातलं. आता वाद आहे तो पातळी कुणी मोजायची यावर. त्या दिवशी हिशेब विचारणाऱ्या बाईंनी सुचवलं की मोजणारे दोघे असावेत, एक वरचा आणि एक खालचा, आणि आकडा दोघांनी तिथल्या तिथे वहीत लिहावा. पुढच्या बैठकीत त्यावर मतदान आहे, आणि बैठक या वेळी माथ्यावरच्या वस्तीत ठेवली आहे.